मारवा, पूरिया, सोहनी : या आठवड्याचं ऐकणं

सोमवार, दिवेलागण

सध्या मारवा हाच राग चालू आहे. अमीर खाँसाहेबांची ती लाँगप्ले : एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. दरबारीची बाजू या आठवड्यात लावायची नाही, असं ठरवलं आहे. दोन्ही राग एवढे मोठे आहेत की एकापाठोपाठ एक ऐकले तर दोघांवरही अन्याय होतो.

विलंबित (संथ लयीतली) बंदिश ‘पिया मोरे अनत देस’ झुमरा तालात आहे. झुमरा १४ मात्रांचा, ३-४-३-४ असा. अतिविलंबितात एक मात्रा ४ सेकंदांची धरली, तर आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, ५६ सेकंदांचं होतं. इतक्या लांब पल्ल्यात बोटांवर मात्रा मोजत बसलं की हमखास सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चुकते, आणि मोजण्याच्या नादात गाणंही हातचं जातं. त्यापेक्षा ठेका, म्हणजे तालाचे तबल्यावरचे ठरलेले बोल, ऐकावा. धिं ऽधा तिरकिट, धिं धिं धागे तिरकिट, तिं ऽता तिरकिट, धिं धिं धागे तिरकिट. प्रत्येक खंड तिरकिटवर संपतो, पण ‘धागे तिरकिट’ ही जोडी आवर्तनात दोनदाच येते. पहिल्या जोडीनंतर बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) गप्प होऊन ‘तिं’ आला की ती ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा), आठवी मात्रा. दुसऱ्या जोडीनंतर सम. एवढी एक खूण धरली की मोजायची गरज उरत नाही. खाँसाहेबांच्या मागे तबला साधा ठेकाच धरून असतो, त्यामुळे हे शिकायला याहून चांगलं ध्वनिमुद्रण सुचत नाही.

मंगळवार

मारव्यातला षड्ज, म्हणजे सा. सगळा मारवा या एका स्वराभोवती आहे, आणि तो स्वर गवई देता देत नाही. ध नि रे, ग रे, म ग रे, नि ध... मग बऱ्याच वेळाने म ध सा. (रे कोमल, म तीव्र, पंचम वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही. पुढेही तसंच धरावं.) वादी (रागाचा मुख्य स्वर) कोमल रिषभ, संवादी (त्याच्या खालोखालचा) शुद्ध धैवत. वादी-संवादींत एरवी षड्ज-पंचमाचं किंवा षड्ज-मध्यमाचं नातं (सा-प किंवा सा-म एवढं अंतर) असतं, इथे दोन्ही नाही. ही जोडीच अस्वस्थ आहे.

षड्ज लांबवला की काय होतं, ते पेटीवर स्वच्छ दिसतं. पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) षड्ज धरा. पण षड्ज वाजवायचा नाही, त्याचा सूरही मागे ठेवायचा नाही. आता खालच्या धैवतापासून मारव्याचे उरलेले पाच स्वर ओळीने दाबा : पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक, पांढरी तीन, काळी तीन. शेवटी वरची पांढरी सहा. हा चक्क भूप राग! सा रे ग प ध सां, फक्त षड्ज पांढऱ्या सहावर सरकलेला. तंबोऱ्याचा षड्ज मागे सुरू केला की तेच स्वर पुन्हा मारव्याचे होतात.

मारवा गाताना आणि ऐकताना जी चूक होते, ती इथलीच. धैवतावर फार वेळ थांबलं आणि तंबोरा कानाआड गेला, की धैवतच षड्ज वाटू लागतो. मग खरा षड्ज आला तरी तो परका लागतो, बेसूर वाटतो. नवशिक्या विद्यार्थ्याचा मारवा मध्येच गोड लागू लागला, तर बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. फोनच्या बारक्या स्पीकरवर तंबोरा जवळजवळ पुसला जातो, म्हणून हा राग तरी हेडफोन लावून किंवा बऱ्या स्पीकरवरच ऐकावा.

वसंतराव देशपांड्यांचा मारवाही आज लावला. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी मारव्याची तालीम घेतली होती. स्वर तेच, पण अमीर खाँसाहेबांकडे जी ओढ संथ आहे ती इथे उसळून वर येते. कोमल रिषभावर तान येऊन आदळते आणि षड्ज टाळून परत फिरते. दोन्ही मारवे ऐकल्याशिवाय रागाचा आवाका कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बुधवार

तंबोऱ्याबद्दल लिहून ठेवते. पंचम वर्ज्य म्हणून पहिली तार मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावर लावतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पंचमावरच ठेवली तर बिघडतं काय? तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचा तिसरा अंशस्वरही निघतो, म्हणजे वरच्या सप्तकातला त्याचा पंचम. पंचमाचा पंचम म्हणजे शुद्ध रिषभ. कोमल रिषभाच्या रागात मागून सतत शुद्ध रिषभ झिरपत राहतो आणि वादी स्वरच गढूळ होतो. तार निषादावर घेतली की तोच अंशस्वर तीव्र मध्यमाचा येतो, आणि तो रागाचाच आहे.

एक मात्र खरं, पंचम पूर्णपणे जात नाही. षड्जावर लावलेल्या जोडाच्या (मधल्या दोन) आणि खर्जाच्या (शेवटच्या, खालच्या षड्जाच्या) तारांतून तो बारीक येतच राहतो. जवारी (घोडीवर तारेला मिळणारा झंकार) चांगली खुललेली असेल तर जास्तच. अॅपवर तंबोरा लावणाऱ्यांनी आधी पहिली तार कुठे आहे ते पाहावं. बहुतेक ठिकाणी ती पंचमावरच असते.

शुक्रवार, रात्री आठच्या पुढे

पूरिया. स्वर अगदी मारव्याचेच, तरी पाच मिनिटांत कानावरचा ताण उतरतो. वादी गंधार, संवादी निषाद. ग, नि रे सा. ग म ध नि, म ग. षड्जाला टाळाटाळ नाही, आणि चाल मंद्राकडे. भीमसेन जोशींचा पूरिया यासाठीच पुन्हा पुन्हा लावला. मंद्र निषादावरून गंधारावर ते येतात, तेव्हा खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार आणि गळ्यातला गंधार एक होतात. तिथे पेटीने हात जरा आखडता घ्यावा. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले, तर पेटीचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. वादी स्वरावरच ही फट पडली की पूरियाचा गाभा हलतो.

रविवार, पहाटे

सोहनी थोडाच वेळ ऐकली, आणि तीही पहाटे, तिच्या वेळेला. तेच सहा स्वर, पण सगळं राज्य वरच्या अर्ध्या सप्तकात. वादी धैवत, संवादी गंधार, आणि तार (वरच्या सप्तकातल्या) षड्जावर सतत येजा : म ध नि सां, रें सां, नि ध, म ग. ख्याल रेंगाळला आणि गवई मंद्रात उतरला, की पूरिया डोकावलाच म्हणून समजावं. म्हणून सोहनी छोटीच शोभते. बडे गुलाम अली खाँसाहेबांनी ‘मुघल-ए-आझम’साठी गायलेली सोहनी काही मिनिटांचीच आहे, पण रागाचं सगळं अंग तीत आलेलं आहे.

उद्यापासून पूरियाकल्याण. त्यात पंचम परत येतो, तेव्हा तंबोऱ्याची पहिली तारही निषादावरून पंचमावर घ्यायची आहे.