झेड, आय, पी

रविवार, पहाटेचे सव्वादोन

झोप लागत नाही. पन्हळीतून पाणी धो धो वाहतंय, खालच्या गल्लीत कुणाची तरी स्कूटर सुरू होता होत नाही, आणि माझ्या डोक्यात तीच तीन अक्षरं फिरताहेत.

शनिवार रात्रीची ऑनलाइन प्रश्नमंजूषा, चार देशांतल्या आम्हा चौघांचा एक संघ. उत्तराला पंचेचाळीस सेकंद होते. स्क्रीनवर प्रश्न आला: अमेरिकेतल्या पत्त्यांवरच्या झिप कोडमधल्या झेड, आय, पी या अक्षरांचं पूर्ण रूप लिहा. खालच्या चौकटीत साओ पावलोच्या मुलीनं लगेच लिहिलं, ‘इंडिया, हा तुझाच!’ नैरोबीच्या गुरुजींनी जोडलेले हात पाठवले. मी टपालात अडतीस वर्षं काढली आहेत हे त्यांना माहीत आहे. मीच तर सांगितलंय, दोनतीनदा.

मी लिहिलं, ‘झोनल इंडेक्स पोस्टल’.

पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर, मग झिपसुद्धा त्याच घराण्यातला असणार असं मनानं धरलं. उत्तर निघालं झोन इम्प्रूव्हमेंट प्लॅन. एका गुणानं आम्ही हरलो. ‘झोन’पर्यंत आले होते म्हणून अर्धा गुण, असलं काही तिथं नसतं.

कुणी काही बोललं नाही. डब्लिनच्या बाईंनी ‘पुढच्या शनिवारी’ एवढंच लिहिलं आणि एकेक जण निघून गेला. बोलले असते तर बरं झालं असतं. आपल्यावर भरवसा टाकून बसलेली तीन माणसं, आणि आपण त्यांना तोंडघशी पाडलं. मीठ आणायला पाठवावं आणि पोरानं साखर आणावी, तसं.

तीन वाजायला आले

अमेरिकेत झिप सुरू झाला १९६३ साली, पाच आकडी. आपला पिन १५ ऑगस्ट १९७२ चा, सहा आकडी. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो बसवला. संस्कृतात कविता करणारा हा माणूस टपाल खात्यातला. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यावर सॉर्टिंगचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. चारनं सुरू झाला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. चारशे म्हटलं की मुंबई. चारशेनंतर शून्य शून्य चार म्हटलं की आमचं गिरगाव. नऊनं सुरू झाला की पत्र फौजेतल्या कुणाचं तरी. सॉर्टिंगला उभं राहिल्यावर पत्ता वाचायचाच नसतो. डोळा थेट त्या सहा आकड्यांवर जातो आणि हात खणाकडे. बंगालीतला पत्ता असो, तमिळमधला असो, मला त्यातलं एक अक्षर लागत नसे, तरी पत्र बरोबर खणात पडायचं. त्यासाठीच तर पिन आणला होता. एकाच नावाची दहा गावं, दहा लिप्या, दहा तऱ्हेची अक्षरं, आणि मधे उभा असलेला सॉर्टर सगळ्या भाषा जाणणारा कुठून आणणार?

हे कुणी विचारलं का मला? नाही. तीन अक्षरांचा लाँगफॉर्म विचारला.

आणि राग त्याचाच येतोय. लेसर विचारा, रडार विचारा, तीही आद्याक्षरंच, मी भांडणार नाही. त्यात निदान वस्तू काय करते हे माहीत असलं तर निम्मं उत्तर डोक्यानं काढता येतं. झोन इम्प्रूव्हमेंट प्लॅन डोक्यानं कसं काढायचं? त्यात ना टपाल, ना आकडा, ना पत्ता. ते एका देशाच्या एका खात्यानं आपल्या योजनेला दिलेलं नाव. त्या देशात लहानाचं मोठं झालं तर कानावर पडतं, नाहीतर नाही. म्हणजे तो प्रश्न कुणाला किती येतं हे विचारतच नव्हता, तुम्ही कुठं वाढलात हे विचारत होता.

दुपारी

जेवायला भाचा आला होता. त्याला सगळं सांगितलं. वरणभात कालवत त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आत्या, मागच्या महिन्यात एलबीडब्ल्यू आलं होतं ना?”

आलं होतं. लेग बिफोर विकेट. तीन सेकंदांत लिहिलं होतं मी. साओ पावलोच्या मुलीनं त्या अक्षरांवरून काय काय अंदाज बांधले होते, आणि मी फोनवर दादाला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मला तो प्रश्न अन्यायाचा वाटला नव्हता.

मी म्हटलं, “क्रिकेट बऱ्याच देशांत खेळतात.”

तो म्हणाला, “पत्रंही पाठवतात.”

लोणचं वाढायला उठले. मुद्दा त्याचा खरा आहे, तरी पुरता पटला नाही. कारण एलबीडब्ल्यू महिन्यातून एकदा येतं. डीएमव्ही, एफडीआयसी, आयआरएस ही अमेरिकेतल्या सरकारी कचेऱ्यांची अक्षरं दर शनिवारी येतात. नैरोबीच्या गुरुजींना एकदाही केसीएसई विचारलेलं नाही. ते आयुष्यभर त्या परीक्षेसाठी मुलं तयार करत आले. केनिया सर्टिफिकेट ऑफ सेकंडरी एज्युकेशन. आमच्या चौघांत ते त्यांच्याशिवाय कुणाला येणार नाही, मान्य. पण एकदा तरी त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर करावा, आणि आम्ही बघत बसावं.

आणि आयएसटी! मेमध्ये मीच ‘साडेनऊ आयएसटी’ असं कळवलं होतं, म्हणजे आपला इंडियन स्टँडर्ड टाइम. डब्लिनच्या बाई साडेचार तासांनी उगवल्या. त्यांच्याकडे उन्हाळ्यात आयएसटी म्हणजे आयरिश स्टँडर्ड टाइम. इस्रायलमध्ये अजून तिसराच. त्यांनी बिचाऱ्यांनी माफी मागितली, वर. चूक कुणाची होती? अक्षरं लिहिताना माझ्या मनात हेही आलं नव्हतं की ही अक्षरं दुसऱ्या कुणाची असू शकतात. तेव्हापासून आम्ही यूटीसी लिहितो, सगळ्या जगाची ठरलेली एकच वेळ. त्याचीही गंमत आहे. इंग्रजीत कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम, त्या क्रमानं सीयूटी व्हायला हवं, फ्रेंचच्या क्रमानं टीयूसी. दोन्ही नको म्हणून यूटीसी ठरलं, दोन्ही भाषांत सारखंच परकं. असं बसून ठरवणारी माणसं आहेत जगात. प्रश्न काढायला त्यांना बसवायला हवं.

ह्यांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते... जाऊ दे.

रात्री

आता जे लिहायचं ते सकाळपासून टाळतेय.

गेल्या वर्षी गणपतीत चाळीच्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न मी काढले होते. ‘जुनी पत्रं’ असा एक भाग ठेवला होता. कपाटातून बाबांची आंतरदेशीय पत्रं काढली, लांज्याहून आलेली, निळी, घडीवर फाटलेली. वर श्री, मग ‘चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद’. आईच्या भावाला लिहिलेल्या एकावर स. न. वि. वि. खाली ता. क. आणि शेवटी क. लो. अ. कळावे, लोभ असावा. बाबा टाक घट्ट धरून लिहायचे. अक्षरापेक्षा टिंबं ठसठशीत, कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर हाताला लागतात. त्यांना जागा कमी पडायची म्हणून ते आखडतं लिहीत नसत. ‘लोभ असावा’ पूर्ण लिहिण्याची गरजच नव्हती, वाचणाऱ्याला ते म्हणता यायचं.

मला वाटलं, मुलांना मजा येईल. म्हाताऱ्यांना आलीच. कुलकर्णी काकू स. न. वि. वि. ला खुर्चीवरून उठल्या.

मग विचारलं, पत्त्यातलं ह. मु. म्हणजे काय? इस्त्रीवाल्याच्या मुलीनं हात वर केला. पूर्ण संध्याकाळभरात तिनं केलेला तो पहिलाच हात. म्हणाली, “हमारी मुंबई.”

सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, “नाही गं, हल्ली मुक्काम. सध्या राहण्याचं ठिकाण.” पुढचा प्रश्न घेतला. तिनं पुन्हा हात वर केला नाही.

सहा वर्षं ती मुलगी जिन्याखालच्या खोलीत राहतेय. पालिकेच्या मराठी शाळेत जाते, पाढे आमच्या चाळीतल्या पोरांपेक्षा खडे म्हणते. पण तिच्या घरी कुणाचं पत्र ‘ह. मु.’ लिहून आलेलं नाही. मी त्या संध्याकाळी तिला काय विचारलं, ते मला काल रात्री कळलं. पंचेचाळीस सेकंद तरी मला मिळाले होते.

दिवा घालवला होता, पुन्हा लावला. फोन वाजला म्हणून पाहिलं. साओ पावलोच्या मुलीनं लिहिलंय, ‘आमच्याकडे याला सीईपी म्हणतात, आठ आकडे. तुमच्याकडे?’ खाली डब्लिनच्या बाई: त्यांच्याकडे २०१५ पर्यंत देशभराची अशी पद्धतच नव्हती, आता प्रत्येक पत्त्याला स्वतःचा सात अक्षरा-आकड्यांचा एरकोड. गुरुजी म्हणतात, आमचा पत्ता म्हणजे पोस्टाच्या पेटीचा नंबर, पोस्टमन दारात येतच नाही, आपणच पेटीकडे जायचं. मी पिन लिहिला, आणि मला आठवत होतं तेही टाकलं: इटलीत सीएपी, जर्मनीत पीएलझेड. अर्धा तास आम्ही चौघं नुसतं हेच लिहीत होतो. कालच्या हरण्याचा विषय कुणी काढला नाही. आज ते लागलं नाही.

सोमवार, संध्याकाळ

कपडे द्यायला खाली गेले होते. ती गाठोडं सोडत होती. मी विचारलं, “गावचा पत्ता येतो का गं तुला?”

“येतो की,” म्हणाली. “आजी, तुम्हाला विचारू? ग्रा., पो., था., जि.”

“ग्राम, पोस्ट, थाना, जिला.”

“तुम्हाला कसं माहीत?”

नवी लागले होते तेव्हा ‘थाना’ वाचून जौनपूरकडची पत्रं मी ठाण्याच्या खणात टाकली होती. पूर्ण थैली उलटी करून परत लावायला लागली, तीही सुपरवायझर शेजारी उभे असताना. ते तिला सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या वडिलांनी इस्त्री उचलून धरली आणि आमच्याकडे पाहिलं.

“आणि पिन?” मी विचारलं.

“दोन, दोन, दोन...” तिनं सुरू केलं, आणि पुढचे आकडे ती बोटांवर मोजत आठवू लागली. माझा हात उजवीकडच्या वरच्या खणाकडे गेलाच होता. तिथं तिच्या वडिलांच्या घडी केलेल्या शर्टांची चळत होती.