‘आलो’ आणि ‘आले’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमी तोच असतो: “पुरुषाची बाई होणं, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कशाला केलंत? वर्षभर रजा घ्यायची, सगळं उरकायचं आणि बाई म्हणूनच पडद्यावर परत यायचं.” बहुतेकजण मायेनंच विचारतात. त्यांच्या डोक्यात हे अपेंडिक्स काढण्यासारखं काहीतरी असतं.

वर्षात उरकत नाही हो. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, सुरू केलं की काही महिन्यांत त्वचा मऊ पडते. पण छाती भरायला, अंगावरची चरबी जागा बदलायला दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. आवाज तर त्यानं बदलतच नाही. वयात येताना जाड झालेले स्वरतंतू पुन्हा पातळ होत नाहीत, नवा आवाज सरावानंच घडवावा लागतो. दाढीही हार्मोन्सनी जात नाही. लेसर काळ्या केसांवर चालतो, पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी सुई. आणि गंमत अशी की चिमट्यात धरता येण्याइतका केस आधी वाढलेला लागतो. दाढी घालवायची म्हणून दाढी राखायची! मी मुलाखती घेणारी, कॅमेरा तोंडासमोर. त्या आठवड्यांत मेकअपचे किती थर चढले ते विचारू नका. एवढी वर्षं रजा कोण देणार, आणि घर कशावर चालवायचं?

चेहरा तरी झाकता येतो, पण क्रियापदाचं काय करणार? मराठीत “मी आलो” म्हटलं की पुरुष, “मी आले” म्हटलं की बाई, मध्ये उभं राहायला जागाच नाही. म्हणजे आहे, पण अरुंद. “मी वाचलं”, “मी विचारलं”, “मला वाटतं”, “मी येईन” ही वाक्यं चुगली करत नाहीत. आठ महिने मी त्यांच्याच आडोशानं बोलत होते. “मी सांगतो” ऐवजी “सांगायचं तर”. “मी गेलो” ऐवजी “माझं जाणं झालं”. लोकांना वाटलं, भाषा फार भारदस्त झालीय. एकानं तर कौतुकाचं पत्रही पाठवलं.

मग एका थेट कार्यक्रमात पाहुण्यांनी सहज विचारलं, “तुम्ही तिथे गेला होतात का?” मी म्हणाले, “हो, दोनदा गेले होते.” काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. रात्रीपर्यंत ते चार सेकंद सगळीकडे फिरले. घरी आईला माहीत होतं. मावशीला मात्र ते फोनवर आलेल्या तुकड्यातून कळलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून “सगळ्यांदेखत का केलंत” याचं खरं उत्तर हे, की तो दिवस मी निवडलाच नव्हता.

अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या आणि पुढे माझ्यासारखीच बाई झालेल्या क्रिस्टीन जॉर्गेन्सननंही निवडला नव्हता. ती कोपनहेगनच्या रुग्णालयात होती आणि 1 डिसेंबर 1952 ला न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं तिची बातमी पहिल्या पानावर छापली. परतली तेव्हा विमानतळावर बातमीदारांची गर्दी. उलट संगीतकार वेंडी कार्लोसनं आपलं बाई होणं लपवलं. लोकांसमोर जाताना नकली कल्ले चिकटवून जायची. 1979 मध्ये एका मुलाखतीत सगळं सांगून टाकलं. पुढे तीच म्हणाली की लोकांना फारसं काही वाटलं नाही, त्या सोंगाची गरजच नव्हती. वाचून मला हेवाही वाटला आणि दयाही आली.

शिव्यांची सवय होते. त्यापेक्षा मला जड गेली ती तपासणी. दर आठवड्याला जुना फोटो, नवा फोटो शेजारीशेजारी, खाली अनोळखी माणसांचे शेरे: हनुवटी अजून पुरुषी आहे, हात मोठे आहेत. “ओळखूच येत नाही हो!” हे तर कौतुक म्हणून. कोण ओळखू येत नाही? मी इथेच तर होते.

जुने भाग काढून टाका, असं वाहिनीला सांगायचा सल्ला पुष्कळांनी दिला. नाही सांगितलं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो बारीक मिशीवाला म्हणतो, “नमस्कार, मी पुन्हा आलोय.” कधीतरी रात्री एखादा लावून बघते. मुलाखती मी तेव्हाही बऱ्या घेत होते.