दोन मिनिटांचा लॉगिन बॅनर आणि मंजुरीचा मजकूर

नेटवर्कच्या स्विचवर लॉगिन बॅनर, म्हणजे पासवर्डआधी दिसणारा इशारा, टाकणं हे दोन मिनिटांचं काम. सिस्कोच्या स्विचवरच्या आयओएस या प्रणालीत कॉन्फिगरेशन मोडला जायचं, 'बॅनर लॉगिन' लिहून पुढे एखादं चिन्ह द्यायचं, मजकूर टाकायचा आणि शेवटी तेच चिन्ह पुन्हा. झालं. माझा वेळ खाल्ला तो मजकुराने, आणि तो मला लिहायचाही नव्हता.

पासवर्ड विचारण्याआधी इशारा दिसत नाही, असा ऑडिटचा शेरा होता. रास्तच होता. कुणीतरी हौसेने 'वेलकम' लिहून खाली मॉडेल आणि मजला टाकून ठेवला होता. अनोळखी माणसाला ही माहिती आयती कशाला द्यायची? पण नवा मजकूर विधी विभागच देणार असं ठरलं आणि गाडी अडली.

बरीच वाट पाहिल्यावर आला तो वर्डमधून. वळणदार अवतरणचिन्हं, लांब डॅश, वर-खाली # ची नक्षी. कन्सोलवर, म्हणजे स्विचला थेट केबल जोडून उघडलेल्या पडद्यावर, अवतरणांच्या जागी नुसता कचरा. साधी अवतरणं घालतो म्हटलं, तर उत्तर आलं की मंजूर मजकुरात बदल म्हणजे पुन्हा मंजुरी. अवतरणचिन्हासाठी! नक्षी तर त्याहून घातक. मजकुराच्या आधी आणि शेवटी द्यायचं ते चिन्ह म्हणजे डिलिमिटर; सवयीने बरेच जण # च देतात. मजकुरात पहिलं # भेटलं की बॅनर तिथेच संपतो आणि खालच्या ओळी स्विच कमांड समजून वाचू लागतो. डिलिमिटर बदलून ते निभावलं असतं, पण आमच्या बॅकअपच्या स्क्रिप्ट ओळीअखेर # दिसलं की प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची कमांड मागणारी खूण, आली असं धरतात. नक्षी का नको, याचं लेखी कारण मागितलं. दिलं. तरी हालचाल नाही. शेवटी चाचणीच्या स्विचवर तोच मजकूर टाकून पडद्याचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे सही झाली. फोटो पहिल्याच मेलला जोडा.

ऑडिटला 'लॉगिन' प्रकारच लागतो. 'एक्झेक' आत शिरल्यावर दिसतो. कन्सोलवर दिसला म्हणून खूश होऊ नका, एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, शिरूनही बघा. दुसऱ्या कंपन्यांचे स्विच असतील तर, अरिस्टावर मजकूर संपवायला वेगळ्या ओळीवर ईओएफ (EOF) लिहावं लागतं. जुनिपरवर लॉगिनआधीचा तो 'मेसेज', नंतरचा 'अनाउन्समेंट'. हुआवेवर शोधायचा शब्द 'हेडर'.

आणि हो, आयओएसचं 'शो रन', म्हणजे चालू कॉन्फिगरेशन दाखवणारी कमांड, डिलिमिटर कॅरेट-सी (^C) असा दाखवतं. तो खरं तर एकच कंट्रोल कॅरॅक्टर आहे. दोन अक्षरं म्हणून चिकटवला की कॅरेट डिलिमिटर बनतो आणि सी मजकुरात घुसतो. पुढच्या कॉपीला आणखी एक सी. आमच्या एका जुन्या स्विचवर अशी सी-सी-सीची रांगच होती. बॅकअपमधून बॅनर उचलताना ते कॅरेट-सी खोडून मजकुरात नसलेलं चिन्ह द्या, आणि कॉन्फिगरेशन सेव्ह करा.