नांगराच्या साखळीचे जोड: केंटर, पिन आणि शिशाची गोळी

साखळी तपासायची म्हटलं की सगळे कड्यांकडे बघतात. माझं मत असं की आधी जोड बघावेत.

जहाजावर साखळी शॅकलमध्ये मोजतात. एक शॅकल म्हणजे १५ फॅदम, साधारण २७.५ मीटर. एवढाले तुकडे एकमेकांना जोडायला बहुधा केंटर शॅकल असतो (इथे शॅकल म्हणजे लांबी नव्हे, उघडता येणारी जोडकडी). त्याचा आकार जवळपास इतर कड्यांसारखाच, त्यामुळे विंडलासच्या (साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या) जिप्सीवरून, म्हणजे कड्या पकडणाऱ्या खाचदार चाकावरून, तो न अडखळता जातो. त्याचे दोन अर्धे भाग बाजूने सरकवून एकमेकांत बसवायचे, मध्ये स्टड (कडीच्या मधला आडवा तुकडा) घालायचा आणि त्यातून तिरकी टेपर (निमुळती) पिन ठोकायची. पिनेच्या जाड टोकावर शिशाची गोळी. तिथे भोक आतून रुंद केलेलं असतं, ठोकल्यावर शिसं त्यात पसरून घट्ट बसतं.

घोळ होतो तो इथेच. जुनं शिसं पुरतं खरवडून काढलं नाही तर नवी गोळी नुसती वरवर चिकटते. साखळी सुटताना बसणाऱ्या हादऱ्यांनी ती पडते, मग पिन सैल होते, पाठोपाठ स्टड निघतो आणि दोन्ही अर्धे मोकळे. खोलताना पिन बारीक टोकाकडून पंचने ठोकावी. अडकली म्हणून गॅसचा टॉर्च लावू नका, उष्णतेने पोलादाची ताकद जाते. एका केंटरचे भाग दुसऱ्याला लावायचे नाहीत. त्यांवर जुळणारे क्रमांक ठोकलेले असतात.

कितवा जोड बाहेर गेला ते कळायला खुणांची एक रूढ पद्धत अशी, उदाहरणार्थ: तिसऱ्या जोडाच्या दोन्ही बाजूंची तिसरी कडी पांढरी रंगवायची आणि तिच्या स्टडला तारेचे वेढे द्यायचे. चिखलात रंग घासून जातो, तार मात्र अंधारातही हाताला लागते.

नांगराजवळच्या डी-शॅकलची (डी आकाराच्या जोडकडीची, जिच्या उघड्या टोकाला पिनेसाठी दोन कान असतात) गोल बाजू नांगराकडे हवी, म्हणजे साखळी बाहेर जाताना त्याचे कान कुठे अडकत नाहीत. स्विव्हल (साखळीतला फिरता सांधा) गंजून बसला की जहाज फिरेल तसा साखळीला पीळ चढतो.

नांगरावर उभं असताना भार बो-स्टॉपरवर (डेकवर साखळी अडवून धरणाऱ्या अडसरावर) द्यावा. स्टॉपर असलेल्या जहाजात विंडलासचा ब्रेक साखळीच्या तुटण्याच्या भाराच्या ४५ टक्के पेलेल असा बनवतात, स्टॉपर ८० टक्क्यांना. डेव्हिल्स क्लॉ (साखळीला अडकवायचा दुहेरी आकडा) हा प्रवासात नांगर आवळून ठेवण्यापुरताच. त्याच्या भरवशावर जहाज उभं करणं म्हणजे वेडेपणा!

साखळीचं शेवटचं टोक, बिटर एंड, चेन लॉकरमध्ये (साखळी साठवायच्या कोठीत) एका पिनेने धरलेलं असतं. ती पिन लॉकरच्या बाहेरून काढता यायला हवी. वादळात साखळी सोडून द्यायची वेळ आली तर आत कोणी उतरू शकत नाही. रंगाच्या थरांखाली पिन जाम झालेली सापडते, म्हणून ती अधूनमधून हलवून, ग्रीस लावून ठेवावी.

ड्रायडॉकमध्ये (दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत) कडी मोजायची ती दुसऱ्या कडीवर घासते त्या वळणावर, काटकोनात दोन मापं घेऊन. सरासरी व्यास मूळच्या ८८ टक्क्यांखाली गेला की तो तुकडा बाद. ७६ मिलिमीटरच्या कडीसाठी ही मर्यादा ६६.९ मिलिमीटर.