सिन्नरहून नाशिकला, एका बॉबिन केससाठी

सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा खिशात रुमालाला गाठ मारून ठेवलेली शिलाई मशीनची जुनी बॉबिन केस होती, म्हणजे खालच्या धाग्याची बॉबिन ज्यात बसते ती डबी, आणि एक सुई. बुधवार मुद्दाम धरला होता, कारण गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बाजार त्याच दिवशी भरतो.

मशीन भंगारवाल्याकडून आणलेलं, सिंगरचं १५के. यातला 'के' किलबोवीचा. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. माझ्या मशीनच्या नंबरआधी 'वाय' आहे, म्हणजे ते दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं. इतकं जुनं असूनही त्याचे पार्ट मिळतात, कारण या १५ क्लासची रचना पुढे कितीतरी कारखान्यांनी उचलली. सारखं दिसणारं सगळं बसतंच असं मात्र नाही. महिन्याभरापूर्वी मी फोटो पाहून घरबसल्या केस मागवली होती. हुबेहूब तशीच, पण आत जाईना. केसला वर बोटासारखा एक कान असतो. काही मशीनांत तो घड्याळातल्या ११ च्या जागी येतो, काहींत १ च्या. माझी तिथेच चुकली होती.

सीबीएस बसस्थानकावर उतरलो, शालिमारवरून चालत मेनरोडला आलो. शिलाई मशीनच्या पार्टांचं दुकान अरुंद, छतापर्यंत डबेच डबे. मी मॉडेलचा नंबर सांगायला लागलो तर काकांनी हात पुढे केला.

"नमुना आणलाय?"

रुमाल सोडला. त्यांनी केस उलटीसुलटी केली, कानावरून अंगठा फिरवला आणि एका बरणीतून तीन केसेस काढल्या. प्रत्येकीत भरलेली बॉबिन घालून धाग्याला लोंबकळत धरली. नुसती धरली तर केस जागची हलता कामा नये, आणि हाताला हलका झटका दिला की बोटभर खाली सरकून थांबली पाहिजे. पहिली सरसर खाली आली. दुसरी बरोबर थांबली. "केसवरच्या पट्टीचा स्क्रू फिरवायचा झाला तर अगदी किंचित फिरवायचा," काका म्हणाले. मी तीच दुसरी घेतली.

सुयांच्या पाकिटावर १००/१६ आणि ९०/१४ असं का लिहितात तेही त्या दिवशी उलगडलं. १०० म्हणजे सुई १ मिलिमीटर जाड, ९० म्हणजे ०.९. जाड कापडाला १६ नंबर, साध्या सुतीला १४.

मॅन्युअल मला कुठेच मिळालं नव्हतं. काकांच्या गल्ल्याखाली कोपरे झिजलेली एक जुनी पुस्तिका होती. "विकायची नाही. जा, झेरॉक्स काढून आण." अनोळखी माणसाच्या हाती त्यांनी ती सहज दिली, याचं मला फार अप्रूप वाटलं. झेरॉक्सवाल्याच्या दारातच वाचायला लागलो. सुईची सपाट बाजू उजवीकडे, धागा डावीकडून उजवीकडे ओवायचा. मी इतके दिवस उलटा ओवत होतो. टाके सुटायचे ते यामुळेच.

दाबपट्टीचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, एक स्क्रू मात्र मिळाला नाही. सिंगरचे आटे त्यांचे स्वतःचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा स्क्रू जबरदस्तीने फिरवला तर भोकातले आटेच जातात.

मग सराफ बाजारातून खाली गंगेवर. पाणी कमी होतं, नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा पायापर्यंत मोकळा दिसत होता. भाजीवाल्यांच्या पलीकडे एका भाऊंनी गोणपाटावर जुनी हत्यारं मांडली होती. त्यातून लाकडी मुठीचा एक पेचकस साठ रुपयांना घेतला. स्वस्तातल्या नव्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, खाचेत वरवर बसतं आणि जोर लावला की उसळून स्क्रूचं डोकं खातं. याचं पोलाद चांगलं आहे. कानस घेऊन टोकाच्या दोन्ही बाजू समांतर केल्या की शंभर वर्षांच्या खाचेतही तो घट्ट बसेल.

रात्री नवी केस बसवली, सुई नीट लावली आणि जुन्या चादरीच्या तुकड्यावर हातभर शिवण घातली. एकही टाका सुटला नाही. उलट्या बाजूनेही तेवढीच सरळ.

उरलाय तो दाबपट्टीचा स्क्रू. एका मोडक्या मशीनवरून काढून ठेवतो, असं काका म्हणालेत. पुढच्या बुधवारी येताना दाबपट्टी घेऊन यायला सांगितलंय, नमुना म्हणून.