सोलापूर: कुठे उतरायचं, कसं फिरायचं, चादर कशी पारखायची

सोलापूरला उतरणारे बहुतेक जण तुळजापूर-अक्कलकोटच्या घाईत असतात. स्टेशनवरून रिक्षा, रिक्षातून एसटी स्टँड, झालं सोलापूर! उलट केलंत तर जास्त बरं. मुक्काम शहरात ठेवा, देवस्थानं एकेका दिवसात करून संध्याकाळी परत या, आणि एक अख्खा दिवस शहराच्या पूर्व भागातल्या, चादरी विणणाऱ्या मागांसाठी राखून ठेवा.

पुण्याहून रस्त्याने सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. हायवे चांगला आहे, पण रेल्वे जास्त सोयीची. मुंबईहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सातच्या आसपास सोडते, म्हणजे पूर्ण दिवस हाताशी राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत दुपारी चारनंतर मुंबईहून निघते आणि पोचायला रात्रीचे साडेदहा-अकरा वाजतात. त्यामुळे लॉज आधी ठरवलेला हवा. ती बुधवारी मुंबईहून आणि गुरुवारी सोलापूरहून सुटत नाही. लोक नेमके इथेच फसतात. पुणेकरांसाठी हुतात्मा एक्स्प्रेस. ती सोलापूरकरांच्या सोयीने धावते, सकाळी पुण्याला आणि संध्याकाळी परत, म्हणून पुण्याहून जाणारा प्रवासी रात्री दहानंतरच पोचतो. दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या मध्यरात्रीनंतर येतात. त्यांतून उतरलात तर उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्येच थांबा. पहाटे तीनला रिक्षावाला म्हणेल तो दर.

खासगी ट्रॅव्हल्सने येणाऱ्यांना वेगळीच सूचना. हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या शहरात शिरतीलच असं नाही. शहराच्या टोकाच्या बाळे भागात किंवा बायपासला उतरवून मोकळ्या होतात, आणि तिथून रात्री शहरात यायला वाहन मिळत नाही. तिकीट काढतानाच ‘पुणे नाक्याला सोडणार का’ हे विचारून घ्या. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ पासून मोजकी विमानं उडू लागली आहेत. याच विमानतळासाठी, उड्डाणांच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्यावरून इथे आजही वाद रंगतो. विमानाच्या भरवशावर मात्र परतीचा बेत आखू नका, वेळापत्रक बदलत राहतं.

राहायला स्टेशन ते एसटी स्टँड हा पट्टा सोयीचा. स्वस्त लॉज आणि बरी हॉटेलं दोन्ही आहेत, शिवाय स्टेशन आणि स्टँड दोन्ही जवळ. खोली घेण्याआधी बाथरूमचा नळ सोडून बघा. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. मोठ्या हॉटेलांची सोय असते, लहान लॉजचं सांगता येत नाही. घरगुती मुक्काम असेल तर बादल्या जपूनच वापरा.

सिटी बसच्या नादाला लागू नका, गाड्या फार कमी. शहर रिक्षावर चालतं. मीटर पडेल ही आशा सोडा आणि बसण्याआधी दर ठरवा. एकटे असाल तर मोठ्या रस्त्यांवर शेअर रिक्षा मिळते. ती माणसं भरल्याशिवाय हलत नाही, तेवढी सवड हवी. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, पार्क चौक आणि चार हुतात्मा पुतळे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. सकाळी तलावापासून सुरुवात केली तर ऊन तापायच्या आत होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. हुतात्मा एक्स्प्रेस हे नाव त्यांच्यावरूनच.

आता पूर्व भाग. अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, दाजी पेठ. पाट्यांवर मराठीसोबत तेलुगूही दिसते, कारण मागावरची बरीचशी घरं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजाची. गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग थांबले नाहीत. गल्लीत शिरल्यावर आधी खडखडाट ऐकू येतो. कारखाना बघायचा असेल तर सरळ आत घुसू नका. ज्या दुकानातून चादर घेताय त्यांनाच विचारा, बहुतेकांचे माग ओळखीत असतात. सकाळी अकराच्या सुमारास जा, जेवणाच्या सुट्टीत माग बंद असतात. साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी विचारून ठेवा. मागाच्या वर जॅकार्ड बसवलेलं असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावरून सरकते आणि कोणता ताणा उचलायचा हे ती भोकं ठरवतात. मोर, वेलबुट्टी, नाव, सगळं त्यातूनच उतरतं. सैल ओढणी, लोंबता दुपट्टा नको. मोबाईल काढण्याआधी परवानगी घ्या. आत बोलणं ऐकू येत नाही, प्रश्न बाहेर आल्यावर विचारा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो, त्या दिवशी मागांसाठी जाऊ नका. रथ बघायला जरूर जा.

चादर घेताना दोन्ही बाजू बघा. खरी जॅकार्ड चादर उलट बाजूलाही तेवढीच सुबक दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. छापील असेल तर मागची बाजू फिकट. कडेला विणलेलं नाव आहे का बघा. चिकटवलेल्या लेबलवर विसंबू नका, बाहेरून आलेल्या चादरीही ‘सोलापुरी’ म्हणून खपवल्या जातात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण फुटपाथवर ते कोण तपासतं? शंका आली तर कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. गडद रंगाची चादर पहिल्या दोन धुण्यांना गार पाण्यात वेगळीच धुवा.

खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी एकत्रच घ्या. भाकरी पापडासारखी मोडते, म्हणून पिशवीत न ठेवता पसरट डब्यात ठेवा. दही, चटणी आणि चुरलेली भाकरी असली की परतीच्या प्रवासात जेवण शोधावं लागत नाही. चटणी कांडलेली मागा. तिला तेल सुटलेलं असतं आणि ती बोटाला चिकटते. मिक्सरची भुरभुरीत लागते. डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर आसपासच्या शेतांवर हुरडा.

आसपास जायला एसटीच बरी. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, गाड्या सारख्या. अक्कलकोट चाळीसच्या आत. तिथे रेल्वेने जाऊ नका, अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब पडतं. पंढरपूरला थेट रेल्वे मोजक्याच, म्हणून तिथेही एसटीच. हैदराबाद रस्त्यावरचा नळदुर्ग किल्ला पावसाळ्यातच करा. बोरी नदीला पाणी असलं तरच किल्ल्यातल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालावरून धबधबा पडतो, उन्हाळ्यात नुसती भिंत.

एप्रिल-मे टाळा, पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि दुपारी बाजारही ओस पडतो. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. भोगीला अक्षता सोहळा, संक्रांतीला होमविधी, आणि सात नंदीध्वजांची मिरवणूक. उंचच उंच काठ्या पेलत माणसं निघाली की मध्य शहरातली वाहतूक वळवतात. त्या दिवसांत स्टेशन गाठायला एरवीपेक्षा तासभर जास्त धरा. लॉज तर महिनाभर आधीच बुक करा, कारण शेजारच्या कर्नाटकातूनही माणसं येतात.