एकटी नायिका पडद्यावर येते तेव्हा

रोमँटिक कॉमेडीच्या सुरुवातीलाच दिग्दर्शकापुढे एक अवघड काम असते. नायिका एकटी आहे हे प्रेक्षकाला पटले पाहिजे, पण तिची कीव येता कामा नये; कारण कीव आली की हसू आटते, आणि हसू आटले की चित्रपट रडका होतो. हे काम संवादांवर सोपवता येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत ‘मला फार एकटे वाटते’ असे सांगणारी नायिका कोणालाच आवडत नाही. म्हणून ते कॅमेरा, नेपथ्य, रंग, ध्वनी आणि संकलन यांच्याकडे जाते, आणि तिथे किती बारकाईने विचार होतो हे मला शिकागोत राहायला लागल्यापासून अधिक नीट दिसू लागले आहे.

त्याला कारणही तसेच आहे. इथल्या मध्यवस्तीत रस्त्यांच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवर लोकल गाडी धावते. लोक तिला नुसते ‘एल’ म्हणतात. वाबॅश अव्हेन्यूवर तिचे रँडॉल्फ नावाचे एक जुने स्थानक होते. ते २०१७ साली बंद झाले आणि त्याच रस्त्यावर वॉशिंग्टन-वाबॅश हे नवे स्थानक सुरू झाले. १९९५ साली आलेल्या ‘व्हाइल यू वेअर स्लीपिंग’ या चित्रपटाची नायिका लुसी (सँड्रा बुलक) त्या जुन्या स्थानकावर काचेच्या खोपटात बसून टोकन गोळा करते. आता टोकनही नाही आणि ते खोपटही नाही. कार्ड टेकवले की दार उघडते. आजच्या दिग्दर्शकाला हीच नायिका घडवायची झाली तर तिला बसवायला दुसरी जागा शोधावी लागेल, आणि तितकी नेमकी जागा त्याला सापडेल असे मला वाटत नाही.

जॉन टर्टलटॉब यांच्या या चित्रपटाची पहिली काही मिनिटे अभ्यासण्यासारखी आहेत. सुरुवात निवेदनाने होते. पडद्यावर लहानपणची दृश्ये आहेत, वडील आणि मुलगी, आणि सगळ्यांवर आठवणींना देण्याची रूढ पद्धत आहे तशी सोनेरी-नारिंगी झाक आहे. मोठी झालेली लुसी आपल्या आवाजात सांगते की आपले बालपण इतके नारिंगी असल्याचे आपल्याला काही आठवत नाही. (नारिंगीचा अतिरेक म्हणजे काय हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.) या एका वाक्याने दिग्दर्शकाने दोन गोष्टी साधल्या आहेत. प्रेक्षक त्या गोड रंगाला हसण्याआधीच चित्रपट स्वतःला हसून मोकळा झाला आहे. आणि ज्या मुलीचे वडील आता या जगात नाहीत ती मुलगी आपल्या दुःखाकडेही थोडे तिरके पाहू शकते, हे आपल्याला कळले आहे. अशा मुलीची कीव करायला आपण धजत नाही.

त्यानंतर काचेचे खोपटे येते. छायाचित्रणात चौकटीतली चौकट हे जुने तंत्र आहे: दार, खिडकी, आरसा, काच अशा एखाद्या वस्तूने पात्राभोवती दुसरी चौकट आखायची, म्हणजे ते पात्र पडद्यावर असूनही जगापासून तोडलेले दिसते. लुसीपुढून शहर जात असते, पण तिच्या वाट्याला येतो तो हात आणि हातातले टोकन. ज्या देखण्या प्रवाशाच्या ती मनोमन प्रेमात पडली आहे तो नाताळच्या दिवशी तिला शुभेच्छा देतो आणि तिला वेळेवर उत्तर सुचत नाही. काचेमुळे हा प्रसंग विनोदी होतो. समोरासमोर असता तर तो नुसता संकोचाचा झाला असता. नाताळच्या दिवशी ती कामावर का आहे, याचे उत्तर तिच्या वरिष्ठाच्या बोलण्यातून मिळते: बाकी सगळ्यांना कुटुंब आहे, हिला नाही.

मला सर्वांत आवडते ते नाताळच्या झाडाचे दृश्य. लुसी एकटीच दोराने ते भलेमोठे झाड इमारतीच्या बाहेरून वर ओढते, दोर सुटतो आणि झाड खालच्या घराची खिडकी फोडून आत शिरते. नागपुरात उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीवरचा कूलर खाली आणायला घरातले दोघे, शेजारचा एक आणि ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणणारे चौघे लागतात; तो कूलर एकट्या मुलीने उतरवायचा ठरवला तर जे होईल तेच इथे झाले आहे. झाड ही कुटुंबाची वस्तू आहे आणि उचलायला माणूस एकच आहे. नायिकेला कोणी नाही हे दाखवायला इथे एकही उदास चेहरा लागलेला नाही. असे प्रसंग दुरून टिपलेले चांगले. माणूस आणि वस्तू पूर्ण दिसली तर फजिती दिसते. त्याच क्षणी कॅमेरा चेहऱ्याजवळ नेला असता तर आपल्याला वेदना दिसली असती. एकटेपणाचे हसू करायचे की रडू, हे पुष्कळदा कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते.

याच कामाचा दुसरा मार्ग शॅरन मॅग्वायर यांच्या २००१ सालच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’त दिसतो. श्रेयनामावली सुरू असताना लंडनमधल्या आपल्या घरात पायजम्यात बसलेली ब्रिजेट एकटेपणावरचे एक प्रसिद्ध दुःखी गाणे लागले असताना त्यावर नुसते ओठ हलवते, आणि हवेत ढोल बडवते. गाणे रडते आहे आणि शरीर विदूषकी करते आहे; या विसंगतीतच तिचे सगळे पात्र आले. एरवी पार्श्वसंगीत प्रेक्षकाला कसे वाटले पाहिजे ते सांगत असते. इथे नायिकाच त्या संगीताचा ताबा घेते, जणू तिला माहीत आहे की आपल्या आयुष्याला कोणते गाणे लावले जाणार आहे.

त्याच वर्षीच्या ‘अमेली’त जाँ-पिएर जने यांनी निवेदन नायिकेकडून काढून घेऊन एका तटस्थ पुरुषी आवाजाला दिले. तो आवाज सरकारी अहवालाच्या थाटात सांगतो की वडील डॉक्टर आहेत, मुलीला ते फक्त तपासणीपुरता हात लावतात, त्या दुर्मीळ स्पर्शाने तिचे हृदय धडधडते, आणि म्हणून तिला हृदयविकार आहे असे निदान करून तिची शाळा बंद केली जाते. इतकी करुण गोष्ट इतक्या कोरड्या सुरात सांगितल्यामुळे आपण हसतो, आणि मग हसलो म्हणून थोडे ओशाळतो. हिरव्या-तांबड्या-सोनेरी रंगांत न्हालेले तिथले पॅरिस मात्र मला जरा जास्तच देखणे वाटते. त्या गल्लीत एकटे राहायला मिळणार असेल तर कोणीही आनंदाने तयार होईल.

मागच्या दिवाळीत नागपूरला, धरमपेठेतल्या घरी आम्ही सगळ्यांनी मिळून लुसीचा चित्रपट टीव्हीवर पाहिला. लुसी कामावरून आपल्या घरी परतली, सोबतीला मांजर, बाकी कोणी नाही. दिग्दर्शकाने ज्या क्षणी प्रेक्षकाचा जीव हळहळावा अशी योजना केली होती, नेमक्या त्याच क्षणी आत्या म्हणाली, ‘एवढं घर एकटीला, कोणी टोकत नाही, कोणी विचारत नाही. हिला दुःख कशाचं आहे गं?’ चुलत बहिणीनेही मान डोलावली. ती एमपीएससीचा अभ्यास आजीच्या खोलीत, आजीचे कीर्तन चालू असताना करते.

आत्याचे म्हणणे मला चित्रपटाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. रिकामी खोली, एकच कप, एकच खुर्ची ही एकटेपणाची खूण सगळीकडे सारखी लागू पडत नाही. जिथे अठराव्या वर्षी मुले घराबाहेर पडतात तिथे रिकामी खोली म्हणजे उणीव. जिथे मुलीला स्वतःचे कपाटही भावंडांत वाटून घ्यावे लागते तिथे तीच खोली म्हणजे चैन. ब्लेक एडवर्ड्स यांच्या १९६१ सालच्या ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’चा आरंभ, न्यूयॉर्कमधली पहाटेची निर्मनुष्य फिफ्थ अव्हेन्यू, पिवळ्या टॅक्सीतून उतरलेली काळ्या पोशाखातली नायिका, दागिन्यांच्या दुकानाच्या काचेपुढे उभ्याने केलेली न्याहारी, हा जगभर उसना घेतला गेला. अलीकडच्या हिंदी चित्रपटांतली विसाव्या मजल्यावरची, काचेपलीकडच्या दिव्यांकडे पाहत पेला हातात धरलेली नायिका त्याच कुळातली. नागपूरच्या इतवारी किंवा महाल या जुन्या वस्त्यांत राहणाऱ्या प्रेक्षकाला त्या दृश्यात एकटेपणाच्या आधी घराचे भाडे दिसते.

बासू चटर्जींनी ‘रजनीगंधा’त (१९७४) ही अडचण फार सुंदर सोडवली आहे. त्यांची दीपा दिल्लीत भाऊ-भावजयीकडे राहते. घर प्रेमळ आहे, माणसे आहेत, तक्रार करावी असे काहीच नाही. मग तिचे एकटेपण दाखवायचे कुठे? त्यांनी ते स्वप्नात दाखवले. चित्रपट उघडतो तोच आगगाडीत, मग फलाटावर एकट्या पडलेल्या, गाडी सुटून गेलेल्या दीपाच्या घाबरेपणाने. आणि ती जागी होते ती आपल्या भरल्या घरात. जागेपणी ज्या मुलीला एकटे पडायला जागाच नाही, तिला दिग्दर्शकाने स्वप्नात अख्खे रिकामे स्थानक दिले. त्यानंतर ती संजयची वाट पाहते आणि अमोल पालेकरांचा तो बडबड्या, वेंधळा, गोड संजय नेहमीप्रमाणे उशिरा येतो. एका माणसाची भीती आणि दुसऱ्याचा विसराळूपणा शेजारी ठेवले की विनोद आपोआप होतो, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीजही त्यातच पडलेले असते.

गर्दीतला एकटेपणा अमेरिकनांना जमत नाही असे मात्र नाही. बिली वाइल्डर यांच्या ‘द अपार्टमेंट’मध्ये (१९६०) कचेरीतल्या टेबलांच्या न संपणाऱ्या रांगा आहेत, नेपथ्यकार अलेक्झांडर ट्राउनर यांनी मागे मागे जाणारी टेबले लहान करत नेली आणि शेवटी लहान चणीची माणसे बसवून ती खोली होती त्याहून कितीतरी लांब भासवली. तो नायकाचा एकटेपणा. नायिकेच्या वाट्याला चालवायला लिफ्ट आली आहे: दिवसभर माणसांनी भरणारी आणि रिकामी होणारी पेटी, आणि पर्समध्ये तडा गेलेला आरसा.

हे सगळे पाहून मला नेहमी वाटते की नागपूरच्या रोमँटिक कॉमेडीला तिची स्वतःची सुरुवात हवी. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने (२०१०) नायिकेला परक्या शहरात पत्ता विचारायला लावून एक चांगली वाट दाखवली, पण आपली नायिका आपल्याच शहरात असली पाहिजे. ती अ‍ॅक्टिव्हावर दिसावी. मागची सीट रिकामी ठेवण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळावा. नागपुरात ती कधी रिकामी नसते. तिथे आईने सांगितलेली भाजीची पिशवी असावी, मग शिकवणीला सोडायचा भाचा, मग बर्डीच्या बाजारातून आणलेला कोणाच्या तरी लग्नाचा आहेर. एकाच जागेवरून, कॅमेरा न हलवता, सिग्नलवर थांबलेली तीच मुलगी आणि मागे बदलत जाणारे दुसऱ्यांचे सामान, एवढ्या चार-पाच तुकड्यांत ती कोण आहे ते कळेल. संध्याकाळी ती फुटाळा तलावावर असावी, पण स्वतःसाठी नाही. चुलत बहीण घरी ‘ताईसोबत जाते’ असे सांगून निघाली आहे, आणि ताई शेजारच्या कठड्यावर बहिणीचे आणि तिच्या मित्राचे अशी दोन हेल्मेटे मांडीवर घेऊन मक्याचे कणीस खात बसली आहे. इथे लांब पल्ल्याचे लेन्स लावावे, म्हणजे पुढे-मागे बसलेली सगळी जोडपी धूसर रंगांचे ठिपके होतील आणि स्पष्ट दिसेल ते कणीस. पार्श्वसंगीत नको, आइस्क्रीमच्या गाडीची घंटा आणि मध्येच वाजणारा आईचा फोन पुरे.

निवेदन ठेवायचेच असेल तर ते नायिकेला देऊ नये. ते आत्याला द्यावे. तिने चित्रपटभर ठामपणे सांगत राहावे की आमच्या घरात कोणी कधी एकटे नसते, आणि चित्राने प्रत्येक वेळी तिचे म्हणणे शब्दशः खरे करून दाखवावे.